मेंदूतल्या धाग्यांना वाट कोण दाखवतं? – सांतियागो रामोन इ काहाल यांची गोष्ट



विज्ञानाच्या वहीत चेतापेशीची आकृती तुम्ही काढली असेलच. एका बाजूला फांद्याफांद्यांच्या वृक्षिका, मध्ये पेशीचा फुगीर भाग आणि पुढे लांबलचक अक्षतंतू. परीक्षेत हमखास येणारी आकृती. बाण काढले, नावं दिली, गुण मिळाले, पान उलटलं.

आता त्या आकृतीकडे परत एकदा बघा आणि मला सांगा, हा एवढा लांब अक्षतंतू आला कुठून? बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा नव्याने तयार झालेल्या चेतापेशीला तो नसतोच. तो नंतर फुटतो आणि वाढत जातो. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी. त्या गर्दीतून डोळ्यातल्या पेशीचा तंतू नेमका मेंदूच्या पाहण्याशी संबंध असलेल्या भागाकडेच निघतो. मणक्यातल्या पेशीचा तंतू पार पायाच्या स्नायूपर्यंत जातो. त्याच्याकडे ना नकाशा, ना डोळे. मग त्याला वाट कोण दाखवतं? आणि तिथे पोचल्यावर समोरच्या पेशीशी त्याचं बोलणं कसं सुरू होतं?

हा प्रश्न ज्यांनी नीट विचारला आणि ज्यांनी त्याचं बऱ्यापैकी बरोबर उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं, त्या माणसाची ही गोष्ट आहे. नाव थोडं मोठं आहे. सांतियागो रामोन इ काहाल. स्पॅनिश लोकांच्या नावात वडिलांचं आडनाव आणि आईचं आडनाव अशी दोन्ही येतात. वडील रामोन, आई काहाल. जग त्यांना काहाल म्हणून ओळखतं, म्हणजे आईच्या आडनावाने!

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनच्या उत्तरेला पेतिया दे आरागोन या डोंगरातल्या लहानशा गावात झाला. वडील हुस्तो हे गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. आधी केस कापणं आणि जखमा शिवणं हे दोन्ही करणारा कारागीर, मग शिकत शिकत डॉक्टर. अशा माणसाला मुलाकडून काय हवं असणार? त्यानेही डॉक्टर व्हावं, बस्स.

आणि मुलगा कसा? भिंत दिसली की त्यावर चित्र. वही दिसली की समासात घोडे, सैनिक, झाडं. पाठांतराचा कंटाळा. तेव्हाच्या शाळेत पाठांतराला पर्याय म्हणजे छडी, त्यामुळे मारही भरपूर खाल्ला. अकरा वर्षांचा असताना या पठ्ठ्याने लाकडाचा ओंडका पोखरून तोफ बनवली आणि शेजाऱ्याच्या नव्या फाटकावर डागली. फाटकाला भलं मोठं भोक पडलं. परिणाम असा, की एवढ्याशा पोराला काही दिवस गावच्या कोठडीत काढावे लागले.

चित्रांचं वेड मात्र जाईना. वडिलांनी एकदा ठरवलं की हा विषय कायमचा मिटवू. गावातल्या चर्चच्या भिंती रंगवायला एक कारागीर आला होता. त्याला मुलाचं चित्र दाखवलं आणि विचारलं, यात काही आहे का. त्या रंगाऱ्याने सांगून टाकलं की काही नाही, या मुलाला चित्रकला येणार नाही. झालं! घरात रंग आणि कागद बंद. मी प्राथमिकच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे हा प्रसंग वाचताना माझं लक्ष वडिलांपेक्षा त्या रंगाऱ्याकडेच जातं. भिंतीला चुना देणाऱ्याने एका मिनिटात एका मुलाचा निकाल लावला आणि घरातल्या सगळ्यांनी तो मानला.

मग शिस्त लागावी म्हणून सांतियागोला कधी न्हाव्याच्या दुकानात, तर कधी बूट शिवणाऱ्या कारागिराकडे कामाला ठेवलं. बूट शिवण्यात तो चांगला तरबेज झाला होता म्हणे. हात नाजूक कामाला वळलेला होता, हे इथेच दिसतं.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांना एक युक्ती सुचली. शरीररचना शिकवायची तर हाडं हवीत. बापलेक दोघे जुन्या स्मशानभूमीत जाऊन उघडी पडलेली हाडं गोळा करून आणू लागले. सोळा वर्षांचा सांतियागो ती हाडं हातात घेऊन त्यांची चित्रं काढू लागला आणि बघता बघता शरीररचनेत रमला! म्हणजे वडील जिंकले, पण मुलगाही हरला नाही. १८७३ मध्ये तो सारागोसाहून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

पुढची दोन-तीन वर्षं वाईट गेली. सैन्यात डॉक्टर म्हणून क्युबाला पाठवलं. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि तिथे लढाई चालू होती. दलदलीच्या भागातल्या दवाखान्यात काम करताना मलेरियाने त्यांना इतकं पोखरलं की १८७५ मध्ये सैन्यातून सुटका करून घेऊन परत यावं लागलं. नंतर क्षयाने गाठलं. त्यातूनही उठले. सैन्यातल्या थकलेल्या पगाराचे पैसे हातात आले, त्यातून त्यांनी काय घेतलं असेल? सूक्ष्मदर्शक. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न झालं. पुढे सात मुलं झाली. पगार बेताचा, त्यात नवऱ्याचा छंद खर्चिक. तो संसार सिल्वेरियाबाईंनी कसा ओढला असेल याची कल्पना आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको.

१८८५ मध्ये काहाल व्हॅलेन्सियाला प्राध्यापक असताना तिथे कॉलऱ्याची साथ आली. त्यांनी त्यावर जे संशोधन केलं त्याबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना त्या वेळचा उत्तम झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला. या यंत्राने पुढे इतिहास घडवला. पण त्याआधी आणखी एक गोष्ट त्यांच्या हाती यायची होती, ती म्हणजे रंग.

काळी रेघ आणि पिवळा कागद

पेशी पाहायच्या तर त्यांना रंग द्यावा लागतो, हे तुम्ही कांद्याच्या पापुद्र्याच्या प्रयोगात पाहिलंय. मेंदूची अडचण अशी, की सगळ्या पेशींना रंग लागला तर नुसता गिचमिडकाला दिसतो. १८७३ मध्ये कामिल्लो गॉल्गी या इटालियन डॉक्टरांनी एका दवाखान्यातल्या स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा करून एक पद्धत शोधली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. गंमत अशी की शेकडो पेशींतल्या अगदी मोजक्या पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण. पिवळ्या कागदावर काळ्या शाईने काढल्यासारख्या. (हो, पेशीतल्या गॉल्गी संकुलाला ज्यांचं नाव आहे तेच हे गॉल्गी.)

काहाल यांनी ही पद्धत १८८७ मध्ये माद्रिदला डॉ. लुईस सिमार्रो यांच्याकडे पाहिली आणि ते अक्षरशः वेडे झाले. त्याच वर्षी ते बार्सिलोनाला गेले. तुकडा एकदा नाही तर दोनदा बुडवायचा अशी सुधारणा त्यांनी केली आणि रंग जास्त भरवशाचा झाला.

पण त्यांची खरी हुशारी वेगळीच होती. बाकी सगळे लोक मोठ्या प्राण्यांचा, पूर्ण वाढलेला मेंदू पाहत होते. काहाल यांनी कोंबडीच्या अंड्यातला गर्भ घेतला, नुकतीच जन्मलेली पिल्लं घेतली. का? ऊस डोक्याच्या वर गेला की फडात शिरून एखादं पान कुठल्या उसाचं ते सांगा पाहू! तेच लागण झाल्यावर महिन्याभरात जा, एकेक कोंब वेगळा मोजता येतो. लहान मेंदूत पेशी सुट्या असतात, तंतू आखूड असतात. शिवाय मोठेपणी अक्षतंतूवर चढणारं चरबीचं वेष्टण अजून आलेलं नसतं, त्यामुळे चांदीचा रंग आत नीट शिरतो.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांना वाटत होतं की मेंदू म्हणजे एक अखंड जाळं आहे. घरातल्या नळाच्या पाइपांसारखं, एकातून दुसऱ्यात सगळं जोडलेलं. गॉल्गींचंही तेच मत. काहाल यांनी पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात पाहिलं तर एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीभोवती टोपलीसारखा गुंडाळला जात होता, तिला टेकत होता, पण तिच्यात मिसळत नव्हता. म्हणजे प्रत्येक पेशी वेगळी. दोघींमध्ये स्पर्श आहे, सांधा नाही.

हे छापायचं कुठे? १ मे १८८८ ला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी स्वतःच्या खिशातून एक नियतकालिक काढलं. प्रती फक्त साठ. बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवल्या. पण स्पॅनिशमध्ये लिहिलेलं विज्ञान तेव्हा कोण वाचणार? भाषा आपली असली आणि जगात तिची दखल नसली की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मग १८८९ मध्ये पदरचे पैसे घालून ते बर्लिनच्या परिषदेला गेले. बरोबर झाइस आणि काचपट्ट्या. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत, लोकांना सूक्ष्मदर्शकापाशी आणून दाखवू लागले. अल्बर्ट कॉलिकर हे त्या विषयातले जर्मनीतले सर्वांत मोठे जाणकार, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी डोळा लावला आणि आयुष्यभराचं मत बदललं. पुढे काहाल यांचं लेखन वाचता यावं म्हणून ते म्हातारपणी स्पॅनिश शिकले असं सांगतात. मला या गोष्टीत कॉलिकर काहालांइतकेच मोठे वाटतात.

तंतूच्या टोकाला काय होतं?

आता आपण आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. १८९० मध्ये कोंबडीच्या काही दिवसांच्या गर्भाचा पाठीचा कणा तपासताना काहाल यांना वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी एक फुगीर, शंकूसारखा भाग दिसला. त्यातून बारीक बारीक बोटं बाहेर आलेली. याला त्यांनी वृद्धिशंकू असं नाव दिलं. रात्री लाइट गेली की आपण हात पुढे करून चाचपडत चालतो ना, तसं ते टोक चाचपडत पुढे जात असणार हे त्यांनी ओळखलं. लक्षात घ्या, त्यांच्यासमोर होता तो मेलेला, रंगवलेला, काचेवर चिकटवलेला तुकडा. हालचाल दिसत नव्हतीच. वेगवेगळ्या वयाच्या गर्भांचे शेकडो तुकडे एकापुढे एक ठेवून त्यांनी मनातल्या मनात सिनेमा पाहिला. चित्रकाराचा डोळा इथे कामाला आला, असं माझं मत आहे. जिवंत वृद्धिशंकू सरकताना प्रत्यक्ष पाहिला तो रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, बेडकाच्या गर्भातली ऊती काचेवर जिवंत ठेवून. तोपर्यंत १९०७ उजाडलं होतं.

पण टोक चाचपडतं, तर कशाच्या आधाराने? १८९२ मध्ये डोळ्याच्या पडद्यावर काम करताना काहाल यांनी आपला तर्क मांडला. शरीरात जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, त्या तिथून पसरणाऱ्या रसायनांच्या ओढीने, हे तेव्हा माहीत झालं होतं. काहाल म्हणाले, चेतापेशींच्या बाबतीतही असंच असेल. ज्या पेशीकडे पोचायचं आहे ती, किंवा वाटेवरच्या पेशी, काही रसायन सोडत असतील. वृद्धिशंकू त्याचा माग काढत जात असेल. गुळाच्या ढेपेकडे मुंग्यांची रांग लागते, तसं.

पुरावा? रसायन हातात आलेलं नव्हतं. नावही नव्हतं. पुढे १९११ मध्ये त्यांचे विद्यार्थी फ्रान्सिस्को तेयो यांनी सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तर मेंदूतले तंतू त्या तुकड्याच्या दिशेने वाढू लागले. काहालांचा तर्क थोडा बळकट झाला. पण ते रसायन कुठलं हे काही कळलं नाही.

दरम्यान इतर गोष्टी भराभर घडत होत्या. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाचं व्याख्यान द्यायला बोलावलं. तिथे ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी उतरले. याच शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला सिनॅप्स हे नाव दिलं. मराठीत आपण संपर्कस्थान म्हणतो. १९०४ पर्यंत काहालांचा चेतासंस्थेवरचा मोठा ग्रंथ पूर्ण झाला. १९०६ मध्ये नोबेल मिळालं, आणि कुणाबरोबर विभागून? गॉल्गींबरोबर! स्टॉकहोमच्या व्यासपीठावर आधी गॉल्गी बोलले आणि त्यांनी अर्धं भाषण काहालांचा सिद्धांत खोडण्यात घालवलं. दुसऱ्या दिवशी काहाल बोलले आणि आपले पुरावे मांडले. एकाने रंग शोधला, दुसऱ्याने त्या रंगातून सत्य पाहिलं, आणि दोघे एकमेकांशी सहमत नाहीत. सिनॅप्समधली बारीकशी फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. तेव्हा दोघांपैकी कुणीच हयात नव्हतं.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी काहाल गेले. सिल्वेरियाबाई चार वर्षं आधीच गेल्या होत्या. मागे हजारो चित्रं राहिली. त्या रंगाऱ्याने नापास केलेल्या हातांची चित्रं आज संग्रहालयात लावतात, आणि २०१७ मध्ये हा सगळा ठेवा युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत गेला.

रसायन सापडलं

ते गेले तेव्हा त्यांचा रसायनाचा तर्क जवळजवळ अडगळीत पडला होता. पॉल वाइस नावाचे वजनदार शास्त्रज्ञ म्हणत, तंतू कसेही वाढतात, घळीतून पाणी वाहावं तसे, रसायन वगैरे काही लागत नाही. त्यांचेच विद्यार्थी रॉजर स्पेरी यांनी बेडकाच्या डोळ्याची नस कापली आणि डोळा उलटा फिरवून बसवला. नस पुन्हा वाढली, तंतू आपापल्या जुन्या जागी जाऊन जोडले गेले. बिचारा बेडूक माशी वर असली की जीभ खाली टाकी! म्हणजे प्रत्येक तंतूला आपला पत्ता रासायनिक खुणेने माहीत होता. विद्यार्थ्याने गुरूला खोटं पाडलं.

इटलीत रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना ज्यू असल्यामुळे नोकरीतून काढलं, तर त्यांनी युद्धाच्या काळात स्वतःच्या झोपण्याच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले. पुढे अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांनी चेतातंतू वाढवणारा पहिला रेणू शोधला. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

१९९४ मध्ये हजारो कोंबडी-गर्भांच्या मेंदूंमधून एक प्रथिन वेगळं काढलं गेलं. पाठीच्या कण्यात तंतूंना ओढून घेणारं. त्याला नाव काय दिलं माहितीये? नेट्रिन. संस्कृतमधल्या ‘नेतृ’ या शब्दावरून. नेता, नेणारा, वाट दाखवणारा. आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द!

तंतू पोचला म्हणजे काम संपलं असं समजू नका. नवं संपर्कस्थान कच्चं असतं. नवीन घरात विजेची वायर टाकली, बोर्ड बसवला, पण दिवा अजून लागत नाही, अशी त्याची अवस्था असते. ते पक्कं व्हायला पुन्हा रेणूंचे निरोप लागतात. पाठवणाऱ्या पेशीकडे रसायनाच्या पिशव्या जमायला हव्यात, घेणाऱ्या पेशीकडे ते रसायन पकडणारी ग्राही प्रथिनं त्या नेमक्या जागी जमायला हवीत. हातापायांच्या स्नायूंत हे काम अॅग्रिन नावाचा रेणू करतो. तो नसेच्या टोकातून येतो आणि स्नायूवरच्या ग्राहींना एका जागी गोळा करायला लावतो.

मेंदूत तर याहून मजेदार प्रकार आहे. तिथे चेतापेशींच्या मधे ताऱ्यासारख्या पेशी असतात. १९१३ मध्ये काहाल यांनीच सोन्याच्या क्षाराने त्यांना रंगवण्याची सुंदर पद्धत शोधली होती. बरीच वर्षं लोकांना वाटायचं, या नुसत्या भरावाच्या, आधार देणाऱ्या पेशी. बेन बॅरेस यांच्या अमेरिकेतल्या गटाने चेतापेशी एकट्याच वाढवून पाहिल्या, तर संपर्कस्थानं फारच थोडी झाली. तारापेशी सोबत ठेवल्या की भरपूर! २००५ मध्ये त्यांना तारापेशींनी सोडलेला एक रेणू सापडला, थ्रोम्बोस्पॉन्डिन. पण त्याने झालेली संपर्कस्थानं मुकी होती. आकार बरोबर, पण समोरच्या पेशीला ऐकू येत नव्हतं, कारण ग्राही जागेवर नव्हते. २०१२ मध्ये ग्राही जागेवर आणणारा दुसरा रेणू, ग्लिपिकन, सापडला. तोही तारापेशींकडूनच येतो. आणि २०१८ मध्ये तिसरा, कॉर्डिन-लाइक १, जो कच्च्या ग्राहींच्या जागी मोठेपणीचे ग्राही आणून संपर्कस्थान पक्कं करतो. म्हणजे बांधणारा वेगळा, वायर जोडणारा वेगळा आणि मीटर बसवणारा वेगळा. काहालांनी ज्यांची चित्रं इतक्या प्रेमाने काढली त्या पेशींचं हे काम त्यांना मात्र पाहता आलं नाही.

वर्गात करून पाहा

वर्गातली बाकं बाजूला करा. एका कोपऱ्यात ताजा चिरलेला कांदा ठेवा. पंखे बंद. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून दोनदा गोल फिरवा आणि नुसत्या वासावर कांद्यापर्यंत जायला सांगा. बाकीच्यांनी गप्प बसून बघायचं. तो थांबतो, मान इकडेतिकडे वळवतो, जिकडे वास जास्त तिकडे पाऊल टाकतो. वृद्धिशंकू हेच करतो. दुसऱ्या फेरीत विरुद्ध कोपऱ्यात न आवडणाऱ्या वासाचं काहीतरी ठेवा आणि मुलाला त्यापासून लांब जायला सांगा. कारण मेंदूत ओढणारे रेणू असतात तसे ढकलणारेही असतात, आणि नेट्रिन तर तंतूच्या टोकावर कुठले ग्राही आहेत त्याप्रमाणे दोन्ही कामं करतं. शेवटी प्रत्येकाने वहीत चेतापेशी काढायची, पण या वेळी अक्षतंतूच्या टोकाला वृद्धिशंकू काढायचा, बोटांसकट. समासात घोडे काढले तरी चालतील.